डावीकडची चारशे मुळं

सरांच्या डोक्यावर, कपाळाच्या वर डावीकडे, पाणीपुरीच्या पुरीएवढा एक उजाड तुकडा आहे. तो माझा आहे. म्हणजे डोकं सरांचं, तुकडा माझा. एवढी दोन वाक्यं तोंडातून काढायला मला आठ वर्षं लागली. मी मुळात कमी बोलणारा. केस लावायच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला ते चालूनही जातं, कारण टेबलावर पालथा पडलेला पेशंट गप्पांच्या मनःस्थितीत नसतो. सर त्याला अपवाद होते. सर बहुतेक गोष्टींना अपवाद होते, म्हणून तर लिहायला बसलो.

नंदुरबारच्या आमच्या हायस्कुलात ते चित्रकला शिकवायचे. मी कोरीटहून सायकलनं यायचो. सरांचं टक्कल तिशीतच पूर्ण झालेलं. कानांवरून मागं एक झालर तेवढी उरलेली. दुसऱ्या एखाद्या मास्तरानं ते झाकलं असतं. सरांनी त्याचं शैक्षणिक साहित्य केलं. आठवीला गोल वस्तूवरचा छायाप्रकाश शिकवायचा असतो. इतर शाळांत त्यासाठी टेबलावर चेंडू ठेवतात. सर खिडकीशी स्टूल ओढायचे, त्यावर बसून मान खाली घालायचे आणि म्हणायचे, "काढा."

मग तास संपेपर्यंत हलायचे नाहीत. आम्ही साठ जण त्यांचं डोकं काढायचो.

"सगळ्यांत उजळ जागा कुठं?" ते मान खाली घालूनच विचारायचे.

"टाळूवर, सर!"

"आणि खालून परत आलेला उजेड?"

"कानामागं, सर!"

एकदा मागच्या बाकावरच्या एकानं सरांच्या डोक्यावर माशी काढली. आता छडी, असं आम्हाला वाटलं. सरांनी वही लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली, आणि म्हणाले, "माशी बसली आहे की उडते आहे? बसली असेल तर तिची सावली पायाशी हवी. उडत असेल तर जरा लांब. तुझ्या माशीला सावलीच नाही. ही माशी कुठलीच नाही." आणि दोन गुण कापले. माशी काढल्याबद्दल काही नाही.

एप्रिलात सकाळची शाळा असली तरी नवाच्या पुढं ऊन भाजायला लागायचं. सर तेव्हा टोपी घालायचे आणि टोपीखाली पळसाचं ओलं पान. दोन तासांनी पान बदलायचे. वाळलेलं पान वाया जाऊ द्यायचे नाहीत, पुढच्या तासाला टेबलावर ठेवून म्हणायचे, "शिरा काढा." पाचवीपासून दहावीपर्यंत सरांच्या डोक्यावरून उतरलेली किती पानं मी काढली, त्याला गणती नाही.

वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे, प्रत्येक 'ळ' आणि 'ण' कोरून. रागावले, खूश झाले किंवा कुठं दुखलं तर मात्र थेट अहिराणीत उतरायचे. त्यामुळं सरांची भाषा बदलली की ही तिन्हींतली कुठली अहिराणी, हे ओळखण्यात आमचं पहिलं अर्धं मिनिट जायचं. तोवर कान पिरगळलेला असायचा, नाहीतर पाठ थोपटलेली.

आणि त्यांची ती चित्रं. दर वाढदिवसाला सर आरशासमोर बसून स्वतःचं चित्र काढायचे. तिसाव्या वर्षापासूनची सगळी चित्रं घरी बैठकीत ओळीनं लावलेली. चेहरा वर्षागणिक अचूक. सुरकुती आली तर सुरकुती, चष्मा आला तर चष्मा, दाढ काढली त्या वर्षी गाल आत. डोक्यावर मात्र प्रत्येक चित्रात दाट केस. पाहुणे विचारायचे, "हे तुमचे भाऊ का?" सर म्हणायचे, "हो. आमचं पटत नाही."

निवृत्तीच्या समारंभात सगळे मास्तर समाजसेवा, तीर्थयात्रा असं काहीतरी सांगतात. सर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या घरात अठ्ठावीस खोटी चित्रं आहेत. ती खरी करायची राहिली आहेत. चित्रं बदलायची तर अठ्ठावीस बदलावी लागतील. डोकं एकच आहे. डोकं बदलणं सोपं." लोक हसले. आठवड्यानं सर आमच्या दवाखान्यात हजर.

तेव्हा मी त्या कामात नवा होतो. आधी एका सर्जनकडे ऑपरेशन थिएटरात हाताखाली होतो. आमच्या त्वचेच्या डॉक्टरांनी केस लावायचं सुरू केलं, तसं मला चार महिने सुरतेला शिकायला पाठवलं. काम असं असतं. जुन्या पद्धतीत डोक्याच्या मागून कातडीची पट्टीच कापून काढतात, टाके घालतात आणि त्या पट्टीतली मुळं सोडवून पुढं लावतात. आम्ही पट्टी काढत नाही. मागच्या झालरीतलं एकेक मूळ बारीक नळीसारख्या पात्यानं गोल कोरून उपसतो. मूळ तांदळाच्या कणीएवढं. कुणातून एक केस निघतो, कुणातून दोन, कुणातून तीन. ती निवडून वेगवेगळ्या वाट्यांत थंड सलाइनमध्ये ठेवायची. डॉक्टर पुढं बारीक चिरा पाडतात, त्यांत मुळं बसवायची मी. कपाळाच्या कडेला फक्त एकेरी, मागं दुहेरी-तिहेरी. उलटं झालं तर माणूस जत्रेतल्या बाहुलीसारखा दिसतो. आणि सगळ्यांत वरचा नियम: मूळ सुकता कामा नये. शेतकऱ्याचा मुलगा असल्यानं हे मला दोनदा सांगावं लागलं नव्हतं. तरी.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पेनानं सरांच्या कपाळावर केसांची रेषा आखली. सरांनी आरसा मागितला.

"ही रेषा तुम्ही पट्टीनं मारली का?"

"नाही, हातानं."

"मग हाताला पट्टीची सवय लागली आहे. पेन द्या."

आणि सरांनी आरशात बघत स्वतःच्या कपाळावर नवी रेषा काढली. डॉक्टरांच्यापेक्षा दीड बोट वर, कडेला तुटक, दोन्ही कोपऱ्यांत आत गेलेली. "अठ्ठावन्न वर्षांच्या तोंडावर विशीतलं कपाळ बसवलं तर लोक खाली कोण आहे ते वाकून बघतील," म्हणाले. डॉक्टर मोठ्या मनाचे. त्यांनी त्या रेषेचा फोटो काढून ठेवला. आजही वयस्क पेशंट आला की ते मला म्हणतात, "सरांची लाइन काढू या."

सोबत काकू होत्या, सरांच्या पत्नी. माहेर कळसाडीचं, ऊस-कापसाच्या भरल्या घरातल्या. पदर सावरून कोपऱ्यात बसलेल्या, पण गप्प नव्हे. "टक्कलसंगे तीस वरीस काढात मी," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "आते केस उनात ते लोके म्हनतीन, बाईनी दुसरा कया."

"दुसरा पहिल्यापेक्षा बरा असेल," सर म्हणाले.

"बोलनं कमी करी का तो? मंग लावा."

ऑपरेशन मिरचीच्या हंगामात झालं. त्या दिवसांत आमच्या गावात हवेलाच तिखट असतं. पथारींवर, म्हणजे गावाबाहेरच्या वाळवणाच्या मैदानांवर, लाल मिरच्या पडलेल्या असतात आणि वारा फिरला की अख्खी गल्ली शिंकते. डॉक्टर म्हणाले, थोडं थांबू. सर म्हणाले, तीस वर्षं थांबलोय.

मागं भुलीच्या सुया टोचायला लागलो तसे सर अहिराणीत गेले. "व माय वं! डॉक्टर, डोकं शे ते, कांदा नई!" दहा मिनिटांनी ते म्हणाले, "वास्तविक पाहता हा अनुभव तितकासा क्लेशकारक नाही." मी डॉक्टरांना खूण केली. भूल चढली होती.

मग पालथ्या पडल्या पडल्या सर बोलत राहिले. आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "हा माझा विद्यार्थी बरं का. एलिमेंटरीला बी ग्रेड. ए मिळाली असती, पण घड्याच्या काठाला घाई केली यानं. आता बघा हात. अठराशे मुळं, एकाला धक्का नाही. हा हात मी घडवला आहे." मास्कच्या आत मी किती फुललो होतो, ते कुणाला दिसत नव्हतं.

दुपारी जेवायची सुट्टी घेतात. पेशंटही उठून जेवतो. मागची मुळं काढून झालेली, पुढं लावायची अर्धी बाकी. मी दिव्याखाली चौथी वाटी निवडत होतो, साधारण चारशे मुळं. सर शेजारच्या खोलीत डोक्याला पट्टी बांधून बसले होते आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबांची गोष्ट सांगत होते. साहेबांना वाकून नमस्कार केला, टोपी घसरली, पळसाचं पान साहेबांच्या चहात पडलं, साहेबांनी ते बाजूला काढलं, चहा प्यायला आणि म्हणाले, "आयुर्वेदिक आहे का?" नर्स हसून भिंतीला टेकली. मी उठून दारात गेलो, ऐकायला. मग तिथंच बसलो, जेवलो. मी क्वचित हसतो. त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

परत आलो तेव्हा चौथी वाटी दिव्याखालीच होती. वरून एसीचा झोत. मुळं तळाच्या कापडाला चिकटली होती, कडा पांढुरक्या झालेल्या.

मी सलाइन ओतलं. दोन-तीन मिनिटांत ती पुन्हा टवटवीत झाली. दिसायला. डॉक्टर आत आले, हातमोजे घालत म्हणाले, "पुढची वाटी." मी दिली. आणि ती चारशे मुळं माझ्याच हातानं सरांच्या डाव्या बाजूला लावली. एकेक, नीट, तिरपी, घाई न करता.

तेव्हाच तोंड उघडलं असतं तर झालरीतून आणखी चारशे निघण्यासारखी होती. दीड-दोन तासांचं काम. डॉक्टर रागावले असते, सरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या असत्या. मी का बोललो नाही? नोकरीची भीती होती, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. सर सकाळपासून माझ्या हाताचं कौतुक करत होते, आणि ते कौतुक मला सोडवेना.

त्या संध्याकाळी सर घरी गेले. दारात काकूंनी त्यांना उभं केलं आणि आमच्याकडच्या बायका करतात तेच केलं. अलाबला घेतली. दोन्ही हात त्यांच्या कपाळावरून कानांपर्यंत फिरवले आणि तीच बोटं आपल्या कानशिलांवर कडाकडा मोडली. तीस वर्षं सर परगावाहून आले, तापातून उठले, शाळेत कौतुक झालं की त्या हेच करत आलेल्या. सर ओरडले, "हात नको लावू!" पण हात फिरून झाला होता.

तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा डोकं धुवायचं असतं. ते मीच धुतलं. एक मूळ हललेलं नव्हतं. ताजं मूळ निघालं की तिथून रक्त येतं, खपली वेगळी दिसते. तसलं काही नव्हतं. काकूंचा हात अगदी हलका लागलेला होता. हे त्या दिवसापासून मला ठाऊक होतं, अंदाजानं नव्हे, डोळ्यांनी.

महिन्याभरात लावलेले केस गळतात, हे ठरलेलं असतं. चौथ्या महिन्यापासून नवे येतात. सरांना आले. वर्षाच्या आत पुढं चांगले दाट केस झाले, चित्रातल्या भावासारखे. फक्त डावीकडं पुरीएवढी जागा कोरी.

सर खचले नाहीत. सर तपासाला लागले. एका सकाळी गुंडाळलेला ड्रॉइंग पेपर घेऊन दवाखान्यात आले आणि डॉक्टरांच्या टेबलावर पसरला. डोक्याची तीन चित्रं, समोरून, बाजूनं, वरून. बाण, आकडे, टिपा.

"पहिला संशय मिरचीच्या शिंकांवर होता," सर म्हणाले. "पण शिंक दोन्ही बाजूंना सारखी बसते. ती रद्द. दुसरा संशय झोपेवर. पण मी आठ दिवस खुर्चीत बसून झोपलो. तोही रद्द. आता हे पाहा. समोरासमोर दोन माणसं. हिचा उजवा हात कुठं येतो? माझ्या डाव्या बाजूला. ही भाकरी उजव्या हातानं थापते. जोर कुठला जास्त?"

डॉक्टर खरोखर प्रभावित झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "शक्य आहे का रे?"

"असू शकतं," मी म्हणालो.

मी वाटी सुकू दिली ती चूक होती. हे दोन शब्द चूक नव्हते.

डॉक्टरांनी पेशंटला द्यायच्या सूचनांच्या कागदात एक ओळ वाढवली. तेल लावू नये, टोपी घालू नये, वाकून काम करू नये, आणि त्याखाली: 'घरातील व्यक्तींनी अलाबला घेऊ नये.' असली सूचना जगात दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात असेल असं वाटत नाही. सुरतेहून आलेला एक डॉक्टर ती वाचून पोट धरून हसला होता. प्रत्येक पेशंटला ती वाचून दाखवायचं काम माझं होतं.

सरांच्या मनात काकूंबद्दल राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, राग ओसरतो. सरांना त्यातून एक चांगली गोष्ट मिळाली होती, आणि चांगली गोष्ट सर टाकत नसत. लग्नात, बाजारात, पेन्शनरांच्या कट्ट्यावर ते टोपी काढायचे, पुरी दाखवायचे आणि सांगायचे, "टक्कल मी कमावलं, हिनं राखलं. प्रेमाचा हात, चारशे केस साफ!" लोक हसायचे. काकूही हसायच्या, पदर तोंडावर धरून. मला वाटायचं, हसताहेत ना, मग ठीक आहे.

मग सरांच्या नातीचं बारसं झालं. बायका एकेक करून पाळण्याशी जात होत्या, बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. कुणीतरी म्हणालं, "आजी कोठे शे? आजीले येऊ द्या." काकू ताट घेऊन मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमीन ल्या. मन्हा हात भारी शे." सरांनी लगेच टोपी काढून गोष्ट सुरू केली. सगळे हसले. मी पेढा खात होतो. तो संपवला आणि निघून आलो.

त्यानंतर सरांच्या घरी मी जाणं कमी केलं. सर रस्त्यात भेटले की म्हणायचे, "मोठा माणूस झालास." मी म्हणायचो, "काम असतं, सर."

दोन महिन्यांपूर्वी काकूच दवाखान्यात आल्या. कळसाडीचा त्यांचा भाचा, तिशीतला, लग्न ठरत नाही म्हणून केस लावून घ्यायला. ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी मी सूचनांचा कागद घेऊन बसलो. तेल, टोपी, वाकणं. खालच्या ओळीशी थांबलो. काकू समोर बसल्या होत्या. मला वाचवेना. त्यांना वाटलं, आपल्याला लाज वाटू नये म्हणून मी थांबलो.

"वाच ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी त्याले सांगी ठेयेल शे. मी हातच लावाव नई." आणि मला दिसावं म्हणून त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी सूचनांचा कागद मागवला. मग ती ओळ त्यांनी स्वतः पेनानं खोडली आणि म्हणाले, "मला सांगून काय? त्यांना सांग. आणि सरांना म्हणावं, उरलेलं मी करून देतो." नोकरी राहिली. दोन दिवस डॉक्टर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

रविवारी सकाळी सरांच्या घरी गेलो. सर बैठकीत पेपर वाचत होते. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं: चौथी वाटी, दिवा, एसी, साहेबांच्या चहातलं पान, सलाइन. 'असू शकतं' हेही सांगितलं.

सरांनी पेपर बाजूला ठेवला. "किती वेळ दिव्याखाली?"

"चाळीस मिनिटं, सर. जास्तच."

"दिवा डावीकडं होता की वर?"

"वर."

"म्हणजे माझं सगळं अनुमान चुकलं," सर म्हणाले आणि, खरं सांगतो, त्यांचा चेहरा उजळला. "बाण बरोबर होते, हात चुकीचा धरला! वाहवा! अरे, मग तू इतकी वर्षं..." मग एकदम आवाज खाली आणून, स्वयंपाकघराकडं बघत म्हणाले, "हिला मात्र सांगू नकोस हं. घरात मी एवढ्या एकाच मुद्द्यावर जिंकतो."

"सर, मी त्यांनाच सांगायला आलोय."

सरांचं हसू अर्ध्यावर राहिलं. मी हाक मारली, "काकू."

त्या पिठाचे हात घेऊन दारात आल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. 

"म्हंजे मन्हा हात नई?"

"नाही, काकू. तिसऱ्या दिवशी डोकं मी धुतलं. एक मूळ हललं नव्हतं."

"तुले तधयच माहीत व्हतं?"

"हो."

त्यांनी हातांचं पीठ झटकलं. "मंग आठ वरीस तुले झोप कशी लागनी?"

खोटं बोलायला ती चांगली जागा होती. "लागली, काकू," मी म्हणालो. "बहुतेक दिवस लागली."

"मले नई लागनी." त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "पोर पाळणाम्हा रडे, आनि मी हात मांगे धरी उभी. आते ती शाळाम्हा जास. तिना डोकाले मन्हा हात माहीत नई."

सर उठून उभे राहिले होते. सरांना मी पहिल्यांदाच शब्द शोधताना पाहत होतो. मराठीत सापडेनात, अहिराणीतही सापडेनात.

"आनि तुमीन!" काकू त्यांच्याकडे वळल्या. "गावभर सांगत फिरनात. चित्रं काढी काढी!"

"मन्हं चुकनं," सर म्हणाले. ही चौथी अहिराणी होती, मी आधी न ऐकलेली.

"मले सांगीसन काय फायदा? भितना पल्याड सांगा. जठे जठे टोपी काढी व्हती तठे तठे सांगा." मग मला म्हणाल्या, "तू कोठे चालना? बठ. जेवाले बठ."

"काकू, मी..."

"बठ म्हनं ना!"

मी ओट्यावर बसलो. समोर ताट आलं, कळण्याची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. सर चपला न घालता अंगणात गेले, शेजारच्या भिंतीशी उभे राहिले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "ऐका हो! फेरतपासणीत निकाल बदलला आहे!"

भिंतीवर आधी एक डोकं आलं, मग दोन. सर सांगत होते. चांगलं सांगत होते, पण नेहमीसारखं फुलवून नाही. जिथं हशा यायचा तिथं ते थांबत नव्हते. मध्येच म्हणाले, "मी हिच्यावर चुकीचा आळ घेतला," आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा एकदा, अहिराणीत, सांगितलं. मग काकूंनीच फाटक उघडून शेजारच्या विमलबाईंना आत घेतलं. त्या माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हाऊच का तो?"

"हाऊच," काकू म्हणाल्या.

"दिसस ते गरीब."

"तसाच दिसस तो."

विमलबाई काकूंकडे वळल्या आणि पदराशी चाळा करत हळदीबद्दल काहीतरी पुटपुटल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाला हळद लावायला काकूंना, हात भारी म्हणून, पुढं बोलावलं नव्हतं, हे मला तिथं, भाकरीचा तुकडा हातात असताना कळलं. ते गोष्टीत कधी आलं नव्हतं. सरांनाही ते ठाऊक नसावं. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"दिवाईले नात येवाव शे मन्ही," काकू कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. "येऊ दे. मी दखसू."

विमलबाईंनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं. "खरं शे का, भाऊ? का काकीनं मन राखाले सांगी ऱ्हायनास?"

मी घास गिळला. "खरं आहे," म्हणालो. "मीच."

"मोठ्यानं सांग," काकू म्हणाल्या. "भितमांगलीस्ले आयकू नई ऊनं."

"मीच!" मी म्हणालो, गल्लीच्या टोकाला जाईल एवढ्या मोठ्यानं. "काकूंचा हात नव्हता. मी केलं."

समोरच्या घराचं दार उघडलं. काकूंनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि येणाऱ्यांसाठी चटई आणायला आत गेल्या.